चिनी भाषा, शाळकरी मूल आणि न मोजलेला प्रश्न

2019 साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा मसुदा लोकांसमोर आला, तेव्हा शाळेत शिकता येण्याजोग्या परकीय भाषांच्या उदाहरणांत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी यांच्या शेजारी चिनीही होती. जुलै 2020 मध्ये मंजूर झालेल्या अंतिम धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशी आठ नावे आली. चिनीचे नाव मात्र गळाले. दीड महिन्यापूर्वीच गलवानच्या खोऱ्यात भारतीय जवानांचे रक्त सांडले होते, त्यामुळे या गाळणीचे कारण कोणाला शोधावे लागले नाही. त्यानंतर जो वाद झाला तो परराष्ट्रनीतीचा होता. एका बाजूने राष्ट्राभिमानाचा दाखला दिला गेला, दुसऱ्या बाजूने ‘शत्रूची भाषा तर आधी शिकावी’ असे सुभाषित ऐकवले गेले. त्याआधी दहा वर्षे, 2010 मध्ये, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत चिनी आणण्याची घोषणा झाली होती, तेव्हाही चर्चेचा सूर असाच होता. फक्त शत्रूच्या जागी बाजारपेठ होती.

दोन्ही वेळा एक साधा प्रश्न बाजूला पडला. आठ-दहा वर्षांचे भारतीय मूल चिनी भाषा शिकते, तेव्हा नेमके काय घडते? त्याचा कान काय करतो, डोळा काय करतो, हात काय करतो? घरी पंजाबी बोलणारे मूल आणि घरी तमिळ बोलणारे मूल यांच्या वाटा सारख्या असतात का? हा प्रश्न राजनैतिक नाही, मोजमापाचा आहे. भाषा अभ्यासक्रमात घ्यावी की नाही याचा निर्णय सरकारने जरूर घ्यावा. परंतु शिकण्याच्या प्रक्रियेविषयी हाती पुरावा नसताना घेतलेला निर्णय, होकारार्थी असो वा नकारार्थी, अंधारातलाच ठरतो.

प्रथम कानाचा विचार करू. चिनीच्या प्रमाण बोलीत, म्हणजे मँडरिनमध्ये, चार सूर आहेत आणि एक निःसूर उच्चार. ‘मा’ हे अक्षर सपाट उंच सुरात म्हटले तर आई, चढत्या सुरात म्हटले तर धाग्यासाठी लावले जाणारे एक झाड, खाली बुडून वर येणाऱ्या सुरात घोडा आणि झपकन उतरणाऱ्या सुरात रागे भरणे. भौतिकीच्या भाषेत सांगायचे तर हा स्वरतंतूंच्या मूलभूत वारंवारतेचा खेळ आहे. परंतु यात एक गंमत आहे. प्रौढ पुरुषाचा आवाज साधारणपणे सेकंदाला शंभर ते सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो, लहान मुलाचा अडीचशे ते तीनशेच्या आसपास. शिक्षकाचा ‘उंच’ सूर मुलाच्या ‘खालच्या’ सुरापेक्षाही खाली असतो. तरीही मुलाला दोघांचा सूर एकच आहे हे ओळखावे लागते. म्हणजे मेंदू निरपेक्ष वारंवारता मोजत नाही. बोलणाऱ्याच्या पट्टीच्या संदर्भात चढउताराची आकृती वाचतो. चिनी भाषाशास्त्रज्ञ चाओ युआन-रेन यांनी 1930 मध्ये सुरांसाठी पाच पायऱ्यांची जी मोजपट्टी सुचवली, तिचे मर्म हेच आहे. त्या पट्टीवर पहिला सूर पाचवरून पाचवर राहतो, दुसरा तीनवरून पाचवर चढतो, तिसरा दोनवरून एकवर उतरून चारपर्यंत येतो आणि चौथा पाचवरून थेट एकवर कोसळतो.

हिंदी, मराठी वा तमिळ बोलणाऱ्या मुलाला सूर अपरिचित नसतात. ‘आलास?’ आणि ‘आलास.’ यांतला फरक मराठी मूल शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी ओळखते. मात्र त्याच्या भाषेत हा चढउतार वाक्याचा असतो. शब्दाचा अर्थ त्याने बदलत नाही. चिनी शिकताना त्याला ओळखीची गोष्ट नव्या खात्यात टाकावी लागते. अवघडपणा ऐकण्यात कमी आणि ऐकलेल्याचे काय करायचे हे ठरवण्यात जास्त असतो.

आता हेच मूल ऐझॉलचे असेल तर? मिझो भाषेत शब्दांचे अर्थ सुरांनी बदलतात. मैतेई, बोडो, अंगामी या भाषाही सुरांच्याच. पंजाबीत ‘घोडा’ या शब्दातला घोष महाप्राण ध्वनी कधीच लोपला आणि त्याच्या जागी खालचा सूर आला; त्यामुळे चाबूक, घोडा आणि कुष्ठरोगी या अर्थांचे तीन शब्द आज मुख्यतः सुरांवरून वेगळे ओळखले जातात. एकाच देशात, एकाच मंडळाच्या अभ्यासक्रमात, सुरांच्या भाषेत वाढलेली आणि न वाढलेली मुले शेजारी शेजारी बसतात. घरच्या भाषेतील सुरांचा अनुभव परक्या भाषेतील सुरांना किती उपयोगी पडतो, की उलट जुने सूर नव्या सुरांच्या आड येतात, हे तपासण्यासाठी याहून चांगली नैसर्गिक मांडणी क्वचितच सापडेल. प्रयोगशाळा तयार आहे. प्रयोग करणारे हात हवेत.

दुसरी गोष्ट व्यंजनांची, आणि तिच्यात भारतीय मुलाची बाजू मुळातच बळकट आहे. चिनीत ‘ब’ आणि ‘प’ असा भेद नाही. भेद आहे तो ‘प’ आणि ओठ मिटून उच्चारायच्या ‘फ’ यांत. तसाच ‘त’ आणि ‘थ’ यांत, ‘क’ आणि ‘ख’ यांत. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला हा फरक इंग्रजी मातृभाषेच्या मुलाला जाणीवपूर्वक शिकावा लागतो. देवनागरीच्या बाराखडीवर वाढलेल्या मुलाच्या कानात त्याची कप्पेबंद जागा आधीच असते. परंतु चिनी शिकवली जाते ती 1958 मध्ये स्वीकारल्या गेलेल्या पिनयिन या रोमन लेखनातून, आणि पिनयिन वाचले जाते इंग्रजीच्या सवयीने. पिनयिनमधले ‘बी’ हे अक्षर म्हणजे ‘प’, आणि ‘पी’ म्हणजे ‘फ’. इंग्रजी शाळेतले मूल ते ‘ब’ आणि ‘प’ असे वाचते. म्हणून चीनच्या राजधानीला आपण बीजिंग म्हणतो. खरा उच्चार ‘पेय्चिंग’च्या जवळ जातो. जुन्या मराठी वृत्तपत्रांत ‘माओ त्से-तुंग’ असे छापले जाई. आजच्या रोमन अक्षरांवरून कोणी ‘झेडाँग’ असे लिहिले, तर ते आधुनिक दिसेल, पण उच्चारापासून दूर जाईल. मराठीतल्या ‘चाक’ आणि ‘चुना’ या शब्दांत जो दंततालव्य ‘च’ आहे, तो चिनीतल्या त्या ध्वनीच्या अगदी शेजारी बसतो.

यात एक ऐतिहासिक ऋणानुबंधही आहे. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य अशी ध्वनींची वर्गवारी संस्कृत व्याकरणपरंपरेत घडली. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांबरोबर ती चीनमध्ये पोहोचली, आणि मध्ययुगीन चिनी पंडितांनी आपल्या भाषेतील आद्य व्यंजनांची छत्तीस चिन्हांची जी मांडणी केली, तिच्यावर या वर्गवारीची छाप आहे. ज्या विचाराने चिनी ध्वनिशास्त्राला एकेकाळी वळण दिले, तो विचार भारतीय मुलाच्या पाटीवर आजही रोज गिरवला जातो. असे असूनही भारतीय वर्गात चिनी ध्वनी इंग्रजीच्या चष्म्यातून शिकवले जावेत, ही शोचनीय गोष्ट आहे. देवनागरीतून ओळख करून दिलेला गट आणि थेट पिनयिनने सुरुवात केलेला गट यांची तुलना करायला महागडे यंत्र लागत नाही. ध्वनिमुद्रक, शंभर-दोनशे मुले आणि प्रामाणिक नोंदी एवढे पुरे.

तिसरी गोष्ट वाचनाची, आणि इथे तर विषय चिनीपुरता उरतच नाही. चीनमधील प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकांत सुमारे अडीच हजार चिन्हे येतात, असे शू हुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मोजून दाखवले. त्यांतील बहुसंख्य चिन्हांत एक भाग अर्थाकडे आणि दुसरा उच्चाराकडे बोट दाखवतो. ‘आई’ या अर्थाच्या चिन्हात डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘घोडा’ असतो. घोड्याचा मातृत्वाशी संबंध नाही, तो केवळ ‘मा’ या उच्चाराची आठवण देतो. मुले ही रचना पाहून पाहून, बरेचदा कोणी न सांगता, उमजतात. 2005 मध्ये तान ली-हाय आणि सहकाऱ्यांनी बीजिंगच्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, चिनी वाचनाशी ध्वनींच्या जाणिवेपेक्षा हाताने लिहिण्याच्या कौशल्याचे नाते अधिक घट्ट आहे. 2013 मधील त्यांच्याच एका मोठ्या पाहणीत, कळफलकावर पिनयिन टाइप करण्यात अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांचे वाचन तुलनेने कमकुवत आढळले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा फरक क्षणभरही विसरू नये. पण ज्या देशात शाळेने दप्तराऐवजी टॅबलेट दिला की ती प्रगत ठरते, त्या देशाने या निष्कर्षापाशी थबकून विचार करायला हवा.

भारतीय लिप्या रोमन आणि चिनी यांच्या मध्ये कुठेतरी उभ्या आहेत. इंग्रजीच्या मुलाला सव्वीस अक्षरे शिकायची असतात, चिनी मुलाला हजारो चिन्हे, आणि कन्नड वा मराठी मुलाला स्वरचिन्हे व जोडाक्षरे धरून शेकडो आकृती. सोनाली नाग यांच्या कन्नड मुलांवरील संशोधनाने दाखवले की, ही अक्षरसंपदा पहिली-दुसरीत आटोपत नाही. प्राथमिक शाळेची बरीच वर्षे ती शिकणे चालूच राहते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी-सिंग आणि सहकाऱ्यांनी हिंदी व इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांच्या मेंदूंचे चित्रण केले. दोन्ही लिप्या लहानपणी एकाच वेळी शिकलेल्यांच्या मेंदूत दोन भाषांसाठी वाचनाचे वेगळे मार्ग दिसले. त्याच केंद्राने वाचनअक्षमता ओळखण्यासाठी ‘डाली’ ही चाचणी तयार केली, ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही. म्हणजे या प्रकारचे संशोधन करण्याची क्षमता देशात आहे. दोन लिप्या वाचणाऱ्या मुलाला तिसरी, पूर्णपणे वेगळ्या तत्त्वावरची लिपी शिकवली, तर वाचनाच्या मार्गांचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतले एकभाषक मूल देऊ शकत नाही. ते लखनौचे, कोलकात्याचे किंवा बेंगळुरूचे मूलच देऊ शकते.

परदेशी संशोधनाचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलण्यातला धोका इथे दिसतो. तरीही त्यातून दोन इशारे घेण्याजोगे आहेत. पहिला पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 मधील प्रयोगाचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन बोलणाऱ्या व्यक्तींनी प्रत्यक्ष समोर बसून बारा बैठकांत गोष्टी सांगितल्या, खेळवले. त्या बाळांनी चिनी ध्वनींतला भेद ओळखण्याची क्षमता राखली. तोच मजकूर पडद्यावरून किंवा ध्वनिफितीवरून मिळालेल्या बाळांत मात्र काहीच फरक पडला नाही. शाळकरी मूल म्हणजे तान्हे बाळ नव्हे, हे खरे. परंतु ‘चित्रफीत लावा आणि मूल चिनी शिकेल’ असे आश्वासन देणाऱ्या जाहिराती पाहताना पालकांनी हा प्रयोग आठवावा.

दुसरा इशारा वयाचा. ‘जितके लवकर तितके बरे’ हे वाक्य वेदवाक्यासारखे फेकले जाते. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने इंग्रजी शिकणाऱ्या शाळकरी मुलांचा दीर्घ अभ्यास केला. आठव्या वर्षी सुरू करणारे आणि अकराव्या वर्षी सुरू करणारे यांना सारखेच तास मिळाले, तेव्हा उशिरा सुरू करणारे पुढे राहिले. लहान वयाचा लाभ मिळतो तो भाषेत न्हाऊन निघालेल्या मुलाला. आठवड्याला दोन तासिकांच्या शिडकाव्याने तो मिळत नाही. चिनीच्या बाबतीत तर तासांचा हिशेब आणखी कठोर आहे. अमेरिकी परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषक प्रौढाला चिनीत व्यावसायिक प्रावीण्य येण्यासाठी 2200 वर्गतास धरते. हिंदीसाठी त्याच्या निम्मे. आठवड्याला दोन तास आणि वर्षाला पस्तीस आठवडे धरले, तर 2200 तास पुरे व्हायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. चार वर्षे चिनी शिकूनही मुलाला बोलता येत नाही, याचा दोष मुलाच्या बुद्धीत शोधण्यापूर्वी हा भागाकार करून पाहावा.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. 2024 च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळपास निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येतो. जिथे स्वभाषेचे वाचन डळमळीत आहे, तिथे चिनीची चैन कशासाठी? आक्षेप रास्त आहे, आणि चिनी सक्तीची करा असे म्हणणाऱ्याला तो निरुत्तर करील. पण येथे मागणी सक्तीची नाही, अभ्यासाची आहे. शिवाय मूल नवी लिपी कशी आत्मसात करते, ऐकलेला ध्वनी आणि पाहिलेली आकृती यांची गाठ कशी बांधते, हाताने लिहिण्याचा त्यात वाटा किती, हे प्रश्न चिनीच्या निमित्ताने स्वच्छ तपासता येतात, कारण ती भाषा मुलाच्या घरीदारी कुठेच नसते. जे काही शिकले गेले ते वर्गातच. असे नियंत्रण हिंदी वा इंग्रजीच्या बाबतीत मिळत नाही. तिथे मिळालेले उत्तर पाचवीतल्या त्या अडखळणाऱ्या मुलाच्याच कामी येईल.

मात्र असा अभ्यास करताना एक सापळा चुकवायला हवा. भारतात परकीय भाषा शिकणारी मुले बहुधा सुस्थितीतील घरांतून, महागड्या शाळांतून येतात. त्यांचे गुण इतरांपेक्षा अधिक भरले, म्हणून ते श्रेय चिनीला देणे म्हणजे कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला असे मानणे होय. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात द्विभाषिक शाळांतील जागा सोडतीने वाटल्या जात. त्या शाळांत स्पॅनिश आणि जपानीबरोबर मँडरिनही होती. सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना संशोधकांनी केली, तेव्हा 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिला गट इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत सुमारे नऊ महिने पुढे होता. निम्मा वेळ परक्या भाषेत घालवूनही स्वभाषेची हानी झाली नाही, हे येथे ठामपणे म्हणता येते, कारण निवड नशिबाने केली होती, पालकांच्या खिशाने नव्हे. भारतात ज्या शाळांत मागणी जागांपेक्षा जास्त आहे, तिथे सोडत काढणे आणि दोन्ही गटांच्या नोंदी ठेवणे अशक्य नाही.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे: यंत्र क्षणात भाषांतर करते, मग मुलांना कशाला राबवायचे? शोधनिबंधाचा आशय यंत्र सांगेल, हे मान्य. परंतु चीन आज जगात सर्वाधिक शोधनिबंध प्रसिद्ध करणारा देश आहे, आणि त्यातले महत्त्वाचे बरेचसे इंग्रजीत आले तरी तिथली मानके, शासकीय अहवाल, एकस्वे आणि पाठ्यपुस्तके चिनीतच राहतात. ती वाचून ‘येथे भाषांतर चुकले आहे’ असे सांगू शकणारा माणूस लागतोच. रवींद्रनाथांच्या हयातीत, 1937 मध्ये, तान युन-शान यांच्या प्रयत्नांतून शांतिनिकेतनात चीना भवन उभे राहिले; 1962 चे युद्ध झाले, तरी ते बंद पडले नाही. शेजाऱ्याशी वैर आले म्हणून त्याची भाषा वाचणारे डोळे मिटून घेणे शहाणपणाचे नाही, ही समज त्या पिढीला होती.

मागणी मोठी नाही. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था, मानेसरचे केंद्र, बेंगळुरूची निम्हान्स, हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील चिनी विभाग यांनी एकत्र येऊन ऐझॉल, अमृतसर, चेन्नई आणि पुणे अशा चार ठिकाणी, स्वेच्छेने शिकणाऱ्या मुलांचा पाच वर्षे माग घ्यावा. काय मोजणार हे आधी जाहीर करावे, नंतर आकडे खुले करावेत. निष्कर्ष चिनीच्या विरुद्ध गेला, तरी तो छापावा. कदाचित असे दिसेल की अकराव्या वर्षापूर्वी सुरुवात करण्यात काही अर्थ नाही. कदाचित असेही दिसेल की बाराखडी येणारे मूल पिनयिनच्या मुलापेक्षा सहा महिने पुढे असते. दोन्ही उत्तरे मौल्यवान आहेत; किंमत नाही ती फक्त अंदाजाला.

कोणती भाषा शाळेत यावी, हे संसद ठरवील, मंत्रालय ठरवील, पालक ठरवतील. मूल कसे शिकते हे मात्र ठरवता येत नाही. ते पाहावे लागते. पाहण्याचे काम विज्ञानाचे आहे, आणि ते त्याने आता हाती घ्यावे.